गाण्याखालचं नाव

गाणं संपलं हे लोकांना कसं कळतं? शहरातल्या सभागृहात गायक हात खाली घेतो, मान झुकवतो, टाळ्या पडतात. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत असं चालत नाही. इथे भजनाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. ‘अमका म्हणे’ आलं की मागे धरणारे ध्रुपद एकदा जोरात म्हणतात, ढोलकी तोडा घेऊन थांबते आणि बसलेले लोक जयघोष करतात. त्या नावाला मुद्रा म्हणतात. मुद्रा येत नाही तोवर गाणं चालूच आहे, मग गाणारा दमून पडला तरी. ही साधी गोष्ट मला कलापथकात चार वर्षं काढल्यावर कळली, आणि तीही भरल्या बैठकीत, सगळ्यांसमोर.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी कलापथकात आले. कलापथक म्हणजे काय, हे वर्ध्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. पाच-सहा माणसं, एक पेटी, ढोलकी, खंजिरी, दोन टाळ आणि एक कापडी फलक. गावात जायचं, पारावर बसायचं, गाणी म्हणायची. गाण्यांत देवापेक्षा माणूस जास्त असतो, म्हणून काही ठिकाणी चहा मिळतो आणि काही ठिकाणी कुत्री सोडतात. मी पेटी वाजवते आणि गाणी लिहिते. ढोलकी शंकरभाऊंची. त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे कार्यक्रमाच्या दिवशी गावातल्या कितीतरी सायकली पंक्चरच राहतात.

लिहिण्याचा दोष घरातून आला. माझे वडील एका लहान छापखान्यात कंपोझिटर. अक्षरांचे खिळे जुळवणारे. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचली. रद्द झालेल्या प्रुफांच्या पाठीमागे मी गणितं सोडवत असे आणि पुढच्या बाजूला ‘कामगार बंधूंनो’ असं लिहिलेलं असे. मला गणित आलं नाही, पण ‘बंधूंनो’च्या पुढे ‘भगिनींनो’ का नाही, हा प्रश्न पडला. तेव्हापासून माझ्या वाक्यांना जरा चटका असतो. तो या लेखातही लागला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या कामात श्रोता निवडता येत नाही. कारंजा घाडगेला एका ढाब्यासमोर बसलो, तर एक ट्रक ड्रायव्हर पूर्ण गाणं मन लावून ऐकून म्हणाला, “बहुत अच्छा, बहनजी. अब कोई पिक्चर का.” मी त्याला गाण्याचा अर्थ समजावू लागले. शंकरभाऊंनी मला कोपर मारलं आणि पिक्चरचा ठेका धरला. ड्रायव्हर खूश झाला आणि नंतर आमचं पहिलंच गाणं पुन्हा मागितलं. जामच्या चौकात टाळ्यांऐवजी हॉर्न वाजले. मला वाटलं हा लोकांचा उत्साह. खरं तर आमच्यामुळे गाड्या अडकल्या होत्या.

आणि एक गोष्ट अशी, जी सांगताना हसू येत नाही. कापूस वेचणाऱ्या बायांवर मी एक गाणं लिहिलं होतं. एका गावात ते म्हटलं, बायांनी उचलून धरलं, दोघी तर पुढे येऊन आमच्याबरोबर गायल्या. निघताना गावातल्या एका मोठ्या शेतमालकानं मला विचारलं, “हे गाणं कोनं लिवलं?” मी ताठ मानेनं म्हणाले, “लोकांनी.” मला माझं उत्तर फार आवडलं. गाण्याला मालक नसतो, गाणं सगळ्यांचं, हे माझं तत्त्व होतं. बसमध्ये बसून मी ते उत्तर शंकरभाऊंना दोनदा ऐकवलं. पंधरा दिवसांनी कळलं की त्या दोघींना त्या मालकानं वेचणीला येऊ दिलं नाही. गाण्याबद्दल जाब विचारायला त्या दोघींखेरीज दुसरं कोणी त्याला सापडलं नव्हतं. मी लगेच त्याच्याविरुद्ध एक जळजळीत पत्रक लिहिलं. पत्रक चांगलं झालं होतं. त्या दोघींना वेचणी मिळाली नाही ती नाहीच.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही चिंचझरीच्या बैठकीला गेलो.

चिंचझरी हे हिंगणीच्या पलीकडे, बोरच्या जंगलाला टेकलेलं छोटं गाव. लोक वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतात आणि सेलूच्या बाजारात नेतात. तुरीच्या शेंगा भरल्या की एक दिवस सगळं काम बंद ठेवून गावात संगीताची बैठक भरते. आसपासची भजनी मंडळं येतात. तिकीट नाही, बिदागी नाही, बक्षीस नाही, हार-नारळ नाही, मंच नाही. चिंचेखाली सतरंज्या आणि बारदान टाकलेलं, गाणारा आणि ऐकणारा एकाच उंचीवर. सकाळी सुरू होते, दिवेलागणीला संपते. एका मंडळाला एक उदबत्ती. उदबत्ती विझली की आमदाराचा भाऊ गात असला तरी थांबायचं. जो गाईल त्यानं इतरांचं शेवटपर्यंत ऐकायचं, आणि जो जेवील त्यानं आधी स्वयंपाकाला हात लावायचा. समतेवर मी बरीच पत्रकं वाचली आणि काही लिहिली. तिचा एवढा साधा, चालता नमुना मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. हे सगळं उभं केलं होतं पुंडलिकबुवांनी. सत्तरीचे, वांग्याची शेती करणारे, शाळा दुसरीपर्यंत.

बैठकीचा आणखी एक नियम होता. पेटी एकच, गावाची. पाहुण्यांनी आपली पेटी उघडायची नाही. बुवांचं म्हणणं, “दहा पेट्या आल्या त दहा भांडनं येतात. सूर गावाचा, गळा ज्याचा त्याचा.” ती पेटी एरवी मारुतीच्या देवळात लाकडी खोक्यात असे. खोक्याला कुलूप, आणि किल्ली बुवांच्या गळ्यात तुळशीमाळेबरोबर.

सकाळी मी बायांमध्ये वांगी चिरायला बसले. माझ्या शेजारी वच्छलाकाकू होत्या. पन्नाशीच्या, सडसडीत, गावातल्या बायांच्या भजनी मंडळाच्या पुढारी. विळा पायाखाली धरून त्या वांगं न पाहता चिरत होत्या.

“तू पेटी वाजवते म्हन्तात,” त्या म्हणाल्या.

“हो काकू. तुमचं मंडळ कितवं आहे?”

“आमी सर्व्यात आखरी. मानसं उठून जेवाले गेले का मंग आमी म्हन्तो. खंजिरीवर.”

“आणि पेटी?”

“थे तवापावतर खोक्यात जाते. गार हवा लागते म्हने तिले.”

पलीकडची बाई खुदकन हसली. “वच्छलाबाई, सांग नं तिले, पेटीत काय हाय तुह्यं.”

“काय हाय म्हंजे? वांगे हायेत,” काकू म्हणाल्या. “पेटी घेतली त्या साली गावानं जमा केलं. ज्याच्याजवळ जे होतं थे देल्लं. मी बंडीभर वांगे देल्ले. बुवानं सेलूले इकले. त्या पेटीत माह्ये वांगे हायेत.”

“तिच्या वांग्याचा भाता झाला,” ती बाई म्हणाली, “अन तिलेच हवा नाई भेटत.”

सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत. विळ्यावरून हात उचलून म्हणाल्या, “मले वाजवाची हौस नाई वं. मले निस्ता सूर पायजे. आमी बाया म्हन्तो तवा एक इकडं पयते, एक तिकडं. मानसं म्हन्तात, बायाईचं भजन म्हंजे बजार. एक डाव एका सुरात म्हनून पाहाचं हाय. मंग म्हना म्हनाव बजार.”

माझं डोकं तापलं. मी उठलेच. “मी आत्ता बुवांना विचारते.”

त्यांनी माझ्या लुगड्याचा, म्हणजे साडीचा, काठ धरून मला खाली बसवलं. “नोको. तू संध्याकाळी बसमंदी बसून जाशीन. आमाले इथंच राहाचं हाय. माह्यं मी पाहीन. तू वांगे चीर, जाड करून राह्यली.”

आमची पाळी दुपारी आली. मी गावाच्या पेटीवर बसले तेव्हा गावच्या पुरुष मंडळातून कुजबुज झाली. बुवा म्हणाले, “पाहुनी हाय,” आणि उदबत्ती लावली. पेटी सुरेल होती, भाता जरा कडक. पट्ट्यांची थोडी माहिती इथे द्यायला हवी. पेटीवरच्या प्रत्येक पांढऱ्या-काळ्या पट्टीला आम्ही अनुक्रमानं ओळखतो, आणि गाणारा आपला गळा बसेल ती पट्टी ‘सा’ धरतो. गावच्या पुरुषांचा सा काळी एक. बायांचा गळा तिथे बसत नाही, त्यांना बराच वरचा सा लागतो. ‘बायाईची पट्टी वेगळी’ हे कारण पुरुष सांगत, ते खोटं नव्हतं. पण पेटीवर ती पट्टीही होतीच की.

मी तेच वेचणीचं गाणं म्हणायला घेतलं. त्याचं ध्रुपद असं होतं:

हात आमचे, राबणं आमचं, नाव कोणाचं?

तीन कडवी झाली. बैठक अशी रंगली की मागे धरायला आमच्या पथकाची गरजच उरली नाही, सगळी चिंच धरत होती. चौथं कडवं झालं, शेवटचं. ध्रुपद झालं. मी भाता सोडला, हात मांडीवर घेतले.

कोणी थांबलं नाही.

“नाव कोनाचं?” बैठक म्हणाली. पुन्हा एकदा. “हात आमचे, राबनं आमचं, नाव कोनाचं?” शंकरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, बैठकीकडे पाहिलं, आणि ढोलकी चालूच ठेवली. मी गोंधळून पहिलं कडवं पुन्हा म्हटलं. ध्रुपद आलं. दुसरं म्हटलं. ध्रुपद आलं. उदबत्ती अर्धी शिल्लक होती आणि माझ्याजवळ गाणं शिल्लक नव्हतं.

मागून एकजण म्हणाला, “पोरगी नाव इसरली.”

बुवांनी हात वर केला. ढोलकी हळू झाली, थांबली नाही. “मुद्रा येऊ दे, पोरी,” ते म्हणाले. “लोकं खोयंबून राह्यले.”

“या गाण्याला मुद्रा नाही, बुवा. हे सगळ्यांचं गाणं आहे.”

“सगळ्याईचं म्हंजे कोनाचं?”

“लोकांचं.”

“असं कसं? लोकं थे म्हन्तीन. उद्या कोनी इचारलं, हे कोनं म्हटलं, त कोनं सामोर याचं?”

ते रागानं बोलले नाहीत. समजून घ्यायचं म्हणून विचारत होते. मला त्या दोन बाया आठवल्या. माझ्या बाजूनं बोलणारी सगळी पत्रकं मला पाठ होती आणि या प्रश्नाचं उत्तर एकातही नव्हतं. मी मालकी नाकारली असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी बसमध्ये बसून निघून गेले होते आणि गाणं त्या दोघींच्या अंगावर टाकलं होतं.

ढोलकी हळू वाजत होती. तेवढ्यात बायांच्या बाजूनं खंजिरी वाजली आणि वच्छलाकाकू उभ्या राहिल्या. आवाज थोडा चिरका, पण चाल अगदी बरोबर:

वच्छला म्हने, वांगे माह्ये, पेटी गावाची,
कुलूप कोनाचं, सांगा भाऊ, कुलूप कोनाचं?

बायांनी ध्रुपद उचललं. “कुलूप कोनाचं?” पुरुषांच्या बाजूनं कोणी धरलं नाही. मग एक-दोघांनी, सवयीनं, आणि ध्रुपद संपायच्या आत गप्पही झाले. मुद्रा आली होती, त्यामुळे शंकरभाऊंनी रीतसर तोडा घेतला. तो फार मोठा वाजला, आणि ढोलकी थांबली.

गावच्या मंडळातला एकजण उठला. “बुवा, हे भजन हाय का भांडन?”

बुवा उदबत्तीकडे पाहत होते. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मी बरेचदा मनात खेळवलं आहे. ‘कुलूप गावाचं’ म्हणून ते सुटू शकले असते. मी ‘लोकांनी’ म्हणून सुटले तसंच. सगळ्यांनी मान डोलावली असती.

ते म्हणाले, “मुद्रा आली. मुद्रा आली म्हंजे गानं पुरं झालं. जय म्हना.”

जयघोष झाला, अर्धामुर्धा. मग बुवांनी गळ्यातली किल्ली बाहेर काढली, माळेत अडकली होती ती सोडवायला वेळ लागला. “बाईनं नाव घेऊन इचारलं. नाव घेऊन इचारलं त नाव घेऊन सांगा लागते. कुलूप माह्यं हाय. पुंडलिकाचं. गावानं नाई सांगतलं, देवानं नाई सांगतलं. मले वाटलं बायाईच्या हातानं खराब होईन.” किल्ली त्यांनी पेटीवर ठेवली. “अर्धी उदबत्ती बाकी हाय. वच्छलाबाई, सामोर या.”

“अर्धी नाई,” काकू म्हणाल्या. “आमाले पुरी पायजे. आमचं मंडळ हाय.”

बैठक हसली. बुवाही हसले आणि त्यांनी नवी उदबत्ती काढली.

काकू पेटीवर बसल्या. मी शेजारी. डाव्या हातानं भाता कसा ओढायचा ते दाखवलं. पहिल्या ओढीला पेटी अशी किंचाळली की चिंचेवरचे पोपट उडाले. “चूल फुकून राह्यली का वं?” सकाळची ती बाई म्हणाली. काकूंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या ओढीला भाता निवला. मी बायांना एक ओळ म्हणायला लावली, गळा पाहिला आणि काकूंचं बोट पांढरी पाचवर ठेवलं. सकाळच्या भाजीच्या हळदीनं ते बोट पिवळं झालेलं होतं.

“हे सोडायचं नाही,” मी सांगितलं. “बाकी काही करायचं नाही.”

त्यांनी सोडलं नाही. पूर्ण उदबत्ती एक पट्टी दाबून धरली. पेटीवर बोटं नाचवणारे खूप पाहिले; एक सूर इतका घट्ट धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. बायांची पहिली दोन भजनं थोडी इकडे-तिकडे झाली. तिसऱ्याला सगळ्या त्या सुरावर येऊन बसल्या, जशी बाजारातून परतलेली माणसं एकाच बंडीत सरकून सरकून मावतात. माझे हात मांडीवर होते. मी वाजवत नव्हते, गात नव्हते, लिहिलेलं काही नव्हतं. आजवरच्या आठ वर्षांत मी ज्या ज्या कार्यक्रमांत बसले त्यांतला सर्वांत चांगला हाच. पुरुषांपैकी कोणी जेवायला उठलं नाही. ‘भांडन का’ विचारणारा तो माणूस शेवटच्या भजनाला टाळ वाजवत होता, आणि ठेका चुकवत होता.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेले. ते गाणं पत्रक म्हणून काढायचं आमचं ठरलेलं होतं. बाबा खिळे जुळवत होते. गाणं जुळवून झालं तसं त्यांनी मान वर न करता विचारलं, “खाली काय टाकू? नेहमीसारखं ‘लोकगीत’?”

मी म्हणाले, “बाबा, तुम्ही बिननावाचं पत्रक कधी छापलं का?”

“नाही. नाव नसलं तर मी परत पाठवतो. तुझ्या गाण्यांना तेवढं कसं चालवत आलो कोण जाणे. पोरगी म्हणून असेल.”

मी पाचवं कडवं लिहून दिलं. त्यात ‘सुमन म्हणे’ आलं. त्यांनी ते जुळवलं. खिळे उलटे असतात, त्यामुळे माझं नाव मला आधी उलटंच दिसलं. मग मी त्या दोघींच्या गावी गेले, एकटी. त्यांना पत्रक दिलं. मालकाला दिलं. “कोनं लिवलं?” या वेळी त्यानं विचारलं नाही, पत्रकाच्या खाली पाहिलं आणि मग माझ्याकडे. पुढे त्याने आमच्या पथकाला त्या गावात पारावर बसू दिलं नाही. त्या दोघी मात्र म्हणाल्या, “आता इचारलं त सांगू, वर्ध्याची सुमन.” वेचणी त्यांना दुसऱ्या शेतात मिळाली, माझ्यामुळे नव्हे. त्या हंगामाचं मी काहीच भरून देऊ शकले नाही, हे इथे लिहून ठेवते.

पुढच्या वर्षी चिंचझरीला गेलो तेव्हा पेटीचं खोकं देवळात होतं आणि त्याला कुलूप नव्हतं. या वेळी पेटी लावायचं काम माझ्याकडे होतं. बैठकीआधी मी ती उन्हात उघडली, सूर तपासले, भात्याची धूळ झटकली आणि पट्ट्या पुसायला घेतल्या. पांढरी पाच पिवळी झाली होती. वर्षभराच्या हळदीचा डाग, बोटाएवढा, मधोमध. मी फडकं ओलं करून घासू लागले.

पुंडलिकबुवा बाजूला भोपळे उतरवत होते. तिथूनच म्हणाले, “थे नोको पुसू, पोरी. मंग बाईले पट्टी सापडत नाई.”

मी फडकं खाली ठेवलं.